फ्लाइटगिअर: डॉर्निअरचं उजवं एलेरॉन पंख सोडून विमानाच्या नाकाभोवती फिरतंय, मदत हवी

वास्कोकर
शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने रात्रीची जेवणं आटोपली की तास-दीड तास बसून ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये डॉर्निअर २२८ हे दोन इंजिनांचं विमान घडवतोय, फ्लाइटगिअर या उड्डाणाच्या सिम्युलेटरसाठी. माझं सगळं लहानपण वास्कोत गेलं. दाबोळीच्या धावपट्टीवरून आयएनएस हंसाची नौदलाची डॉर्निअर्स उठायची, आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढता काढता आई म्हणायची, "गेलं बघ तुझं विमान." हे विमान सिम्युलेटरमध्ये आपल्या हातचं असावं, ही इच्छा तेव्हापासूनची. बाहेरचा आकार मनासारखा उतरलाय, चित्रं जोडलीत. ॲनिमेशन लावायला घेतलं आणि तिथे आठवडाभर अडकून पडलोय.

काय काय होतंय ते सांगतो. डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी) छान वरखाली होतं. उजवं मात्र जॉयस्टिक हलवली की पंखातून सुटतं आणि विमानाच्या नाकाला मध्यबिंदू धरून मोठी कमान घेत हवेत जातं. दोन्ही पंखे (प्रोपेलर) ढिम्म हलत नाहीत. इंजिनाचा आवाज येतो, विमान पळतं, उडतंसुद्धा, पण पंखे जागच्या जागी. चाकांचं तर उलटंच आहे: दांडा खाली केला की पोटात मिटतात, वर केला की बाहेर येतात. शिवाय धावपट्टीवर उभं असताना चाकं सहाएक इंच डांबरात बुडालेली दिसतात.

फ्लाइटगिअर २०२०.३, उड्डाणाचं गणित जेएसबीसिमचं, मॉडेल एसी फाईलमध्ये. कुठला भाग कसा हलायचा ते सांगणारं एक्सएमएल मी दुसऱ्या विमानांच्या फाइली बघत बघत हातानेच लिहिलंय. कुठून सुरुवात करू?

---

मेघना_थ्रीडी
शनिवार, सकाळी ८:०५

वास्कोकर, आकार खरंच देखणा झालाय. खिडक्यांच्या कडा तर फारच सुरेख.

एका वेळी एकच दुखणं घ्या, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळत नाही. एलेरॉनपासून सुरू करू. एखादा भाग थेट नाकाभोवती फिरतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं: सिम्युलेटरला बिजागर कुठे आहे तेच कळलेलं नसतं. फिरण्याचा मध्य मिळाला नाही की तो शून्य-शून्य-शून्य धरतो, म्हणजे तुमच्या मॉडेलचा मूळबिंदू. तुम्ही मूळबिंदू नाकाच्या टोकावर ठेवलाय ना?

उजव्या एलेरॉनचा एक्सएमएलमधला तुकडा जसाच्या तसा इथे टाका. डाव्याचाही टाका.

---

वास्कोकर
शनिवार, सकाळी ९:३०

हो, मूळबिंदू नाकाच्या टोकावर आहे. दोन्ही तुकड्यांचे स्क्रीनशॉट जोडलेत. डाव्यात मी अक्षासाठी दोन बिंदू दिलेत, एक्स१-वाय१-झेड१ आणि एक्स२-वाय२-झेड२. उजवा वेगळ्या विमानाच्या फाईलवरून घेतला, त्यात अक्ष ०, १, ० असा आहे आणि मध्य वेगळ्या टॅगमध्ये. मध्याचे आकडे मी तीनदा तपासले, बरोबर आहेत.

---

मेघना_थ्रीडी
शनिवार, सकाळी ९:५२

आकडे बरोबरच आहेत. टॅगचं स्पेलिंग बघा. आपण शाळेत शिकलो तसं तुम्ही 'सेंटर'च्या शेवटी 'आर-ई' लिहिलंय. फ्लाइटगिअरला अमेरिकन 'ई-आर' हवंय. अनोळखी टॅग दिसला तर तो तक्रार करत नाही, नुसता ओलांडून पुढे जातो. म्हणून लॉगमध्ये तुम्हाला काहीच दिसलं नाही. मी स्वतः यात दोन रात्री घालवल्यात, तुम्ही नका घालवू.

दुसरं असं, की उजव्यालाही दोन बिंदूंचीच पद्धत वापरा. डॉर्निअरचा बाहेरचा पंख निमुळता आहे. म्हणजे बिजागराची रेषा नेमकी आडवी नसते. अक्ष ०, १, ० दिलात तर एलेरॉन फिरेल, पण एका टोकाला फट पडेल आणि दुसऱ्या टोकाला पत्रा पंखात घुसेल. दोन बिंदू दिले की अक्षही तोच आणि मध्यही तोच, त्या दोघांच्या अधलामधला बिंदू आपोआप धरला जातो. वेगळा सेंटर लिहायचीच गरज उरत नाही.

बिंदू काढायची माझी पद्धत: ब्लेंडरमध्ये एलेरॉनच्या एडिट मोडमध्ये बिजागराच्या आतल्या टोकाचा व्हर्टेक्स (जाळीतला बिंदू) निवडा, शिफ्ट+एस दाबून कर्सर तिथे न्या, 'एन' पॅनेलच्या व्ह्यू टॅबमध्ये कर्सरचे तीन आकडे मिळतात. ते पहिल्या बिंदूत. मग बाहेरचं टोक. विमानाचं नाक ऋण एक्सकडे, उजवा पंख धन वायकडे आणि वर झेड असं मॉडेल असेल तर ब्लेंडरचे आकडे एक्सएमएलमध्ये थेट चालतात. फ्लाइटगिअरमध्ये एक्स शेपटीकडे वाढतो, हे मनात पक्कं ठेवा. एसी फाईलच्या आत मात्र वाय वर असतो, ती अदलाबदल एक्स्पोर्टर करून देतो, तुम्ही हाताने करायची नाही.

नव्या आवृत्त्यांत अक्षाच्या जागी एखाद्या वस्तूचं नावही देता येतं. बिजागराच्या जागी फक्त दोन व्हर्टेक्सची एक रेषा काढायची, तिला नाव द्यायचं, झालं. पंख नंतर जरा हलवला तर रेषाही सोबत हलवायची आणि आकडे पुन्हा टिपायचे नाहीत. मला ही पद्धत जास्त आवडते.

---

वास्कोकर
शनिवार, दुपारी १:१५

मेघनाताई, स्पेलिंगच होतं! आठवडा गेला त्यात. आता दोन बिंदू दिलेत.

नाकाभोवतीचं फिरणं थांबलं. पण अजून जागेवर नाही. आता ते शेपटीच्या बाजूला कुठेतरी बिजागर असल्यासारखं फिरतंय. पंखापासून अंदाजे सहा मीटर मागे.

---

मेघना_थ्रीडी
शनिवार, दुपारी २:४०

एसी फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ती वाचता येते. पहिल्या ओळीत 'एसी३डीबी' असेल. खाली प्रत्येक वस्तूसाठी नाव, मग असलीच तर 'लोक' अशी ओळ म्हणजे ती वस्तू किती सरकवली आहे ते, मग व्हर्टेक्सची संख्या, आणि शेवटी 'किड्स' म्हणजे तिच्या पोटात किती वस्तू आहेत. उजवा पंख शोधा आणि त्याच्या 'किड्स'पुढचा आकडा बघा.

---

वास्कोकर
शनिवार, दुपारी ३:०२

उजव्या पंखाचा 'लोक' ६.१ पासून सुरू होतो आणि 'किड्स' १ आहे. डाव्या पंखाला 'लोक'च नाही आणि 'किड्स' शून्य.

---

मेघना_थ्रीडी
शनिवार, दुपारी ३:२०

मिळालं. तुम्ही डाव्या बाजूवरून उजवी मिरर केली आणि एलेरॉन उजव्या पंखाचं मूल करून ठेवलंत. मग त्याच्या बिजागराचे आकडे विमानाच्या नाकापासून न मोजता पंखाच्या स्वतःच्या मूळबिंदूपासून मोजले जातात. ६.१ मीटर दोनदा धरले गेले.

एलेरॉन निवडा, ऑल्ट+पी, 'क्लिअर अँड कीप ट्रान्सफॉर्म'. मग पंख आणि एलेरॉन दोन्ही निवडून कंट्रोल+ए, 'ऑल ट्रान्सफॉर्म्स'. मिररमुळे स्केल ऋण झालेला असेल, तो लागू केला की पत्रे आतून बाहेर उलटतात आणि सिममध्ये पंख काळा किंवा आरपार दिसतो. म्हणून लगेच एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट+एन. हे तिन्ही याच क्रमाने.

आणि नाव तपासा. ब्लेंडर प्रतीच्या नावामागे .००१ चिकटवतो. एक्सएमएलमधलं नाव आणि एसी फाईलमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या लिपीसकट. नाव सापडलं नाही तर फ्लाइटगिअर लॉगमध्ये तशी सूचना देतो, ती मात्र वाचत जा.

---

वास्कोकर
शनिवार, रात्री १०:१०

उजवं एलेरॉन जागेवर आलं. डावं-उजवं दोन्ही. पाच मिनिटं नुसता बाहेरून बघत जॉयस्टिक हलवत बसलो होतो, त्याची चित्रफीत जोडलीय. मनापासून आभार.

आता पंखे.

---

ओझरचे_काका
रविवार, सकाळी ६:५०

सगळं वाचलं. मी सिम्युलेटरवाला नाही, नातवाच्या संगणकावर बसतो कधीमधी. पण नोकरी ओझरला मिग विमानांवर झाली, तेव्हा एलेरॉनबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या चित्रफितीत एलेरॉन जितकं वर जातं तितकंच खाली जातं. बहुतेक विमानांत तसं नसतं. वर जास्त, खाली कमी. खाली गेलेल्या एलेरॉनमुळे त्या बाजूचा रोध वाढतो आणि नाक उलट्या दिशेला ओढलं जातं, म्हणून खालची चाल मुद्दाम आखूड ठेवतात. आम्ही रिगिंग (पृष्ठभागांची चाल जुळवणं) करायचो तेव्हा आधी नियंत्रणं मध्यावर आणून रिगिंग पिन घालायची, मग पृष्ठभागावर प्रोट्रॅक्टर ठेवून वरचा आणि खालचा कोन वेगवेगळा मोजून लिहायचा. दोन्ही बाजूंनी आकडा मर्यादेत बसेपर्यंत सळईची लांबी थोडी थोडी फिरवत राहायची. अर्धा अंश चुकला तरी परत. कोन हा विमानाच्या पुस्तकातून घ्यायचा असतो, डोळ्याला बरा दिसला म्हणून नव्हे.

तुम्हीही तसंच करावं असं वाटतं. मॉडेल इतक्या जिवाभावाने केलंय, मग चालही खरी हवी.

---

वास्कोकर
रविवार, सकाळी ९:००

काका, नमस्कार. तुमच्यासारख्या माणसाने हे लिहिलं, फार बरं वाटलं. मी फॅक्टर म्हणून (जॉयस्टिकची चाल ज्याने गुणायची तो) एकच आकडा दिला होता, त्यामुळे दोन्हीकडे चाल सारखी. आता त्याऐवजी इंटरपोलेशनची सारणी घालतो: उणे एकला एक कोन, शून्याला शून्य, एकला दुसरा. कोन मॅन्युअलमधूनच घेईन.

---

म्युनिकवासी
रविवार, दुपारी १२:३०

इथून ओबरफाफेनहोफेन फार लांब नाही, जिथे हे विमान जन्मलं, त्यामुळे धागा बघून थांबलोच.

पंख्यांबद्दल. कुठलंही ॲनिमेशन हलत नसेल तर मॉडेलला हात लावायच्या आधी ते ज्या प्रॉपर्टीवर (सिममधल्या बदलत्या आकड्यावर) चालतं ती हलतेय का ते बघा. फ्लाइटगिअर चालू असताना '/' दाबा, प्रॉपर्टी ब्राउझर उघडेल. तुमच्या एक्सएमएलमध्ये स्पिन ॲनिमेशन इंजिनखालच्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्या) आहे. तिथे जा आणि इंजिन चालू असताना आकडा वाचा.

---

वास्कोकर
रविवार, दुपारी १:०५

शून्य! इंजिन पूर्ण जोरात आहे आणि तिथे शून्यच. मी पंख्याचं मॉडेल चार वेळा बदललं.

---

म्युनिकवासी
रविवार, दुपारी १:४०

पिस्टन इंजिनाच्या विमानावरून एक्सएमएल घेतलं की हे होतं. सेस्नामध्ये इंजिनाचा आरपीएम म्हणजेच पंख्याचा आरपीएम. तुमचं टर्बोप्रॉप आहे, म्हणजे टर्बाइनवर फिरणारा पंखा. त्याच इंजिनाच्या खाली 'थ्रस्टर' अशी फांदी असेल, तिच्यातला आरपीएम बघा. तो १५९१ च्या आसपास हवा. डॉर्निअरच्या गॅरेट टीपीई३३१ इंजिनाला पंखा १०० टक्क्यांवर तेवढाच फिरतो, आणि वैमानिक जोर कमी-जास्त करतो तेव्हा मुख्यतः पात्यांचा कोन बदलतो, फेऱ्या फारशा नाहीत.

एलेरॉन किंवा फ्लॅप अजिबात हलत नसतील तेव्हाही हाच मार्ग. जेएसबीसिमच्या नियंत्रण फाईलमध्ये 'एफसीएस' खालची नॉर्म प्रॉपर्टी (पृष्ठभाग पूर्ण चालीच्या किती प्रमाणात हलला तो आकडा) काढलीच नसेल तर 'सरफेस-पोझिशन्स' मध्ये शून्य पडून राहतं आणि माणूस विनाकारण ब्लेंडरमध्ये बिजागर शोधत बसतो.

---

वास्कोकर
रविवार, रात्री ९:२५

पंखे फिरले! थ्रस्टरचा आरपीएम लावला. पण दोन गोष्टी. एक, उजवा पंखा फिरताना डुगडुगतो, जणू दांडा वाकलाय. दोन, सेकंदाला साठ फ्रेम मिळत असताना पंखा उलटा फिरतोय असं दिसतं, हळूहळू. फॅक्टर धनच आहे.

---

मेघना_थ्रीडी
रविवार, रात्री १०:००

डुगडुगण्याचं मी सांगते. मध्य काढताना तुम्ही अख्खा पंखा निवडून कर्सर नेला असणार. तो सगळ्या व्हर्टेक्सची सरासरी घेतो. एका पात्यावर तुम्ही जास्त तपशील कोरलाय, बोल्ट वगैरे, तिकडे व्हर्टेक्स जास्त, म्हणून मध्य तिकडे ओढला जातो. फक्त स्पिनरच्या मागचं वर्तुळ निवडा, ते समान भागांत आहे. त्याचा मध्य हा पहिला बिंदू आणि स्पिनरचं टोक दुसरा. इंजिन एखाद्या अंशाने कललेलं बसवलं असेल तर तेही यात आपोआप साधतं.

---

म्युनिकवासी
रविवार, रात्री १०:२०

उलटं फिरणं ही चूक नाही, फ्रेमचा परिणाम आहे. गणित करून बघा. मिनिटाला १५९१ फेऱ्या म्हणजे सेकंदाला २६.५, म्हणजे सुमारे ९५४६ अंश. साठ फ्रेममध्ये वाटले तर प्रत्येक फ्रेमला १५९ अंश. तुमच्या पंख्याला चार सारखी पाती आहेत, म्हणजे दर ९० अंशांनी चित्र तेच. १८० ला पोचायला २१ अंश कमी पडले, तर डोळ्याला वाटतं पंखा २१ अंश मागे गेला. पाच पात्यांचा पंखा बसवलात, जसा नव्या डॉर्निअरला असतो, तर त्याच वेगाला तो १५ अंश पुढे सरकताना दिसेल. विमान तेच, इंजिन तेच.

उपाय जुनाच: सिलेक्ट ॲनिमेशन. ठरावीक फेऱ्यांच्या वर पाती लपवायची आणि पारदर्शक चकती दाखवायची, खाली आल्यावर उलट. चकतीच्या टेक्स्चरमध्ये पात्यांचा धूसर पट्टा हलकासा ठेवा, गडद नको.

---

ओझरचे_काका
सोमवार, सकाळी ७:१०

पंख्यावरून आठवलं. इंजिन बंद करून उभ्या असलेल्या डॉर्निअरची पाती कशी दिसतात ते चित्र बघून करा. पीटी६ या दुसऱ्या टर्बोप्रॉप इंजिनाची विमानं उभी असताना पाती कड पुढे करून, म्हणजे फेदर होऊन थांबतात. टीपीई३३१ मध्ये पंखा इंजिनाशी थेट गिअरने जोडलेला असतो, त्यामुळे सुरू करताना पात्यांनी हवेला अडवून चालत नाही. म्हणून बंद करतानाच ती सपाट कोनात खिळीत अडकवून ठेवतात. उभ्या डॉर्निअरची पाती समोरून रुंद दिसतात. तुमच्या चित्रात ती फेदर झालेली आहेत.

---

वास्कोकर
सोमवार, रात्री ११:१५

काका, हे मला कधीच कळलं नसतं. लहानपणी इतक्या वेळा बघूनही लक्षात आलं नव्हतं. जुने फोटो काढून पाहिले, अगदी तुम्ही म्हणता तसंच.

मग पात्यांचा कोन बदलणारं ॲनिमेशनही घातलं. प्रत्येक पातं स्वतःच्या लांबीभोवती वळतं. थांबलेल्या पंख्यात बरोबर दिसतं. पंखा फिरू लागला की मात्र पाती चारही दिशांना उधळतात.

---

मेघना_थ्रीडी
मंगळवार, सकाळी ८:३०

हा क्रमाचा प्रश्न. एकाच पात्याला दोन ॲनिमेशन आहेत: स्वतःभोवती वळणं आणि दांड्याभोवती फिरणं. पातं आधी आपल्या जागी वळलं पाहिजे आणि मग वळलेल्या अवस्थेत दांड्याने त्याला घेऊन फिरलं पाहिजे. उलट झालं तर पातं आधी दांड्याभोवती फिरून भलतीकडे जातं आणि मग जिथे ते पूर्वी होतं त्या रेषेभोवती वळतं. म्हणून उधळण. फाईलमध्ये ते दोन तुकडे वरखाली अदलाबदल करा.

चाक मिटणं आणि चाक फिरणं यातही हेच होईल, तेव्हा लक्षात असू द्या. आकडे मात्र दोन्हींचे नेहमी न हललेल्या मॉडेलवरूनच घ्यायचे.

---

वास्कोकर
मंगळवार, रात्री १०:४५

अदलाबदल केली, झालं. चाकांचं उलटं प्रकरण तुमच्याच बोलण्यावरून मी स्वतः सोडवलं. गिअरची पोझिशन-नॉर्म चाकं खाली असताना १ असते आणि मिटल्यावर ०. मी मॉडेल चाकं खाली असलेलं काढलंय आणि फॅक्टर ८८ दिला होता, म्हणजे चाकं खाली असताना ८८ अंश वळणार. आता सारणी घातली: ० ला ८८, १ ला ०. दारासाठी वेगळी सारणी केली. पाव अंतरापर्यंत दार पूर्ण उघडतं, तोवर पाय (चाक धरणारा खांब) हलत नाही, आणि मग पाय निघतो. पूर्वी पाय दारातून आरपार जायचा.

चाकाची फिरकी रोलस्पीडवर लावली. माझ्या मॉडेलच्या चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, परीघ साधारण २.२ मीटर. सेकंदाला एक मीटर गेलं तर मिनिटाला २७.३ फेऱ्या, म्हणून स्पिनचा फॅक्टर २७.३. टायरवर खडूची रेघ काढल्यासारखं टेक्स्चर तात्पुरतं लावून तपासलं, जमिनीवर घसरल्यासारखं वाटत नाही.

राहिलं ते डांबरात बुडणं.

---

म्युनिकवासी
बुधवार, दुपारी १२:५०

जेएसबीसिमच्या फाईलमध्ये चाकाचा जमिनीला टेकण्याचा बिंदू किती दिलाय? आणि मॉडेलमध्ये टायरचा तळ झेडवर किती आहे? लक्षात घ्या, तिथे आकडे बहुधा इंचात असतात आणि मॉडेल मीटरमध्ये.

---

वास्कोकर
बुधवार, दुपारी २:१०

फाईलमध्ये उणे ५८ इंच. मॉडेलमध्ये उणे १.६२ मीटर. ५८ इंच मी जमिनीवर उभ्या विमानाच्या तीन बाजूंच्या आराखड्यावरून मोजले.

---

म्युनिकवासी
बुधवार, दुपारी ३:००

तिथेच आहे. १.६२ मीटर म्हणजे ६३.८ इंच. तुमचे सहा इंच मिळाले.

जेएसबीसिमला पाय पूर्ण लांबलेला असतानाचा बिंदू हवा असतो, विमान हवेत असताना चाक जिथे लोंबतं तो. तुम्ही वजनाने दबलेल्या पायाचं माप दिलंत. ते विमानाने आणखी दाबलं. तेव्हा फाईलमध्ये ६३.८ घाला. मग चाक मॉडेलमध्ये जितकं दबायला हवं तितकं वर सरकवणारं ट्रान्सलेट ॲनिमेशन कॉम्प्रेशनवर लावा. ती प्रॉपर्टी नावाने 'नॉर्म' असली तरी ० ते १ असेल असं धरून चालू नका. विमान उभं असताना ब्राउझरमध्ये कोणता आकडा दिसतो तो वाचा आणि त्यावरून फॅक्टर काढा.

तुमचा मूळबिंदू आणि जेएसबीसिमचा व्हीआरपी (मॉडेल जिथे जोडायचं तो संदर्भबिंदू) एकाच जागी आहेत ना, तेही एकदा पाहा. दोन्ही नाकाच्या टोकावर असतील तर व्हीआरपी शून्य-शून्य-शून्य. तो चुकला की चाकं बुडतातच, शिवाय नाक वर करताना विमान भलत्याच बिंदूभोवती डुलतं.

---

पन्हाळा_एव्हिएटर
बुधवार, रात्री ८:३०

वाचनखूण साठवली. मी बारावीत आहे, मी एक्स-प्लेनसाठी मॉडेल करतोय. तिथेही हेच लागू होतं का?

---

मेघना_थ्रीडी
बुधवार, रात्री ९:१०

विचार तोच, जागा वेगळी. एक्स-प्लेनमध्ये बिजागराचे आकडे एक्सएमएलमध्ये लिहायचे नसतात. ब्लेंडरच्या एक्स्पोर्टरमध्येच कीफ्रेम लावायच्या आणि प्रत्येक कीफ्रेमला डेटारेफचा (एक्स-प्लेनमधल्या प्रॉपर्टीचा) आकडा द्यायचा. डेटारेफ हलतोय का ते डेटारेफटूलने आधी बघ. वस्तूचा ओरिजिन बिजागरावर ठेव, नाहीतर तुझंही एलेरॉन फिरायला जाईल. काही अडलं तर नवा धागा काढ, आम्ही येतो तिकडे.

---

वास्कोकर
शुक्रवार, रात्री ११:५५

चाकं डांबरावर टेकली. काल मेघनाताई आणि मी मल्टीप्लेअरवर दाबोळीला एकत्र उडालो. आणि तिथे नवीनच दिसलं. तिला माझे पंखे थांबलेले दिसत होते. आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे मी जॉयस्टिक हलवली की माझ्या पडद्यावर तिच्या डॉर्निअरचे फ्लॅप आणि रडर माझ्या तालावर हलत होते! तिने माझंच मॉडेल घेतलं होतं.

---

म्युनिकवासी
शनिवार, सकाळी १०:३०

दोन वेगळी कारणं आहेत.

दुसऱ्याचं आधी. रडर आणि फ्लॅपच्या तुकड्यांत प्रॉपर्टीच्या नावाआधी तिरकी रेघ आहे, एलेरॉनमध्ये नाही. रेघ असली की तो पत्ता संपूर्ण होतो, म्हणजे कायम तुमच्या स्वतःच्या विमानाचा. मग पडद्यावर त्या मॉडेलची जितकी विमानं असतील तितकी तुमच्या रडरचं ऐकतात. रेघ काढली की प्रत्येक विमान आपापल्या फांदीतून आकडा घेतं. पूर्ण फाईलमध्ये शोधून सगळ्या काढा.

पंख्याचं असं, की मल्टीप्लेअरमध्ये ठरावीक प्रॉपर्टीच पाठवल्या जातात. नियंत्रण पृष्ठभाग, गिअरची स्थिती, इंजिनाचा आरपीएम त्यात आहेत. थ्रस्टरखालचा आरपीएम त्या यादीत नाही. त्यासाठी 'सिम/मल्टीप्ले/जेनेरिक' खाली मोकळे फ्लोट (दशांश आकड्यांच्या रिकाम्या जागा) ठेवलेले असतात. त्यातल्या दोनांत डाव्या-उजव्या पंख्याचा आरपीएम भरत राहील असा प्रॉपर्टी रूल लिहा आणि स्पिन आणि सिलेक्ट दोन्ही त्या फ्लोटवर चालवा. स्वतःलाही दिसेल, इतरांनाही. पात्यांच्या कोनासाठी अजून दोन लागतील. कुठला फ्लोट कशासाठी वापरला ते फाईलच्या माथ्यावर टिपून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

---

वास्कोकर
रविवार, रात्री १०:२०

सगळं झालं. मेघनाताईला पंखे फिरताना दिसतात, चकती येते-जाते, आणि तिचे फ्लॅप तिच्याच हातात आहेत. दाबोळीहून समुद्रावर उजवा वळसा घेऊन परत उतरलो, त्याची चित्रफीत जोडली आहे. आईला दाखवली. तिने चाकं बाहेर येताना नीट बघितली आणि म्हणाली, आधी दार उघडतं होय!

---

ओझरचे_काका
सोमवार, सकाळी ६:४५

चित्रफीत दोनदा बघितली. उतरताना चाक टेकल्यावर पाय दबतो ते फार छान साधलंय. एलेरॉनची चालही आता पटते.

एकच. टॅक्सी करताना विमान डावीकडे वळतं तेव्हा पुढचं चाक उजवीकडे वळलेलं दिसतंय. ३ मिनिटं ४० सेकंदांपाशी बघा.

---

वास्कोकर
सोमवार, रात्री ९:०५

खरंच की काका! स्टिअरिंग-नॉर्मच्या फॅक्टरचं चिन्ह बदललं. आता चाक आणि विमान एकाच बाजूला वळतात. नवी फाईल वर पहिल्या पोस्टमध्ये जोडली आहे.